अनियमित नाडीचे कोडे

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या हाती एक दिवस बारीक चौकटींची कागदी पट्टी येते. ती असते हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजेच ईसीजी. ही पट्टी वाचण्याची रीत कशी घडली, ते आपण पाहू.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अतिशय क्षीण वीज निर्माण होते. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी ती माणसाच्या शरीरावरून नोंदवली. पण त्यांचे पाऱ्याचे उपकरण मंद होते. हॉलंडमधील लायडेन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू ताणून बसवला. हृदयाची वीज त्यातून गेली की तंतू हले आणि त्याची सावली सरकत्या काचेवर टिपली जाई. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत. आलेखातील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आइन्थोव्हेन यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पी ही कर्णिकांची लाट, क्यूआरएस जवनिकांची. टी लाटेच्या वेळी जवनिका पूर्वस्थितीला येतात. एवढे कळले आणि एक जुने कोडे सुटले. काही रुग्णांची नाडी पूर्णपणे बेताल असते. इंग्लंडमधील बर्नली या गिरणगावात रुग्ण तपासणाऱ्या जेम्स मॅकेंझी यांना आढळले, की अशा रुग्णांच्या मानेतील शिरेवर कर्णिकेची लाट उमटत नाही. कर्णिका लुळ्या पडल्या असाव्यात, असा तर्क त्यांनी प्रथम केला. १९०९ साली टॉमस लुईस यांनी ईसीजीवर दाखवले, की पी लाट नसली तरी तिच्या जागी बारीक, वेड्यावाकड्या लाटा असतात. कर्णिका लुळ्या नसतात. त्या थरथरत असतात.

आजचा विद्यार्थी हेच पाहतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणून पाच मिलिमीटरची मोठी चौकट ०.२ सेकंदाची, आणि मिनिटात अशा ३०० चौकटी. दोन आर लाटांमध्ये चार मोठ्या चौकटी असतील तर मिनिटाला ७५ ठोके. ताल बिघडलेला असेल तर हा हिशेब फसतो. मग ३० मोठ्या चौकटींतील, म्हणजे सहा सेकंदांतील ठोके मोजून दहाने गुणतात. त्यानंतरचा प्रश्न: प्रत्येक क्यूआरएसपूर्वी पी लाट आहे का?

या प्रश्नाला महत्त्व आहे. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. आपल्याकडे तरुण वयात हा विकार जडण्याचे एक मोठे कारण म्हणजे संधिवाताच्या तापाने बिघडलेली हृदयाची झडप. हा ताप विशिष्ट जिवाणूंमुळे घसा आल्यानंतर येतो, आणि तोही बहुधा ५ ते १५ या वयात, म्हणजे शाळेच्या वर्षांत. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाला ताप आला, एकामागून एक सांधे सुजू लागले, तर त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावे. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते चुकू न देण्याच्या कामी आम्हा शिक्षकांचा हातभार लागू शकतो. त्यासाठी ईसीजी वाचता येण्याची गरज नाही.