मामाची फ्लॉपी

परवा आजोळी माळा आवरताना मामाचा फ्लॉप्यांचा डबा सापडला. मामा वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्ट्समन होता, गिअर कापणाऱ्या एका छोट्या शॉपमध्ये. मी आता तिथेच, रोड नंबर १६ वर, काचेच्या बिल्डिंगमध्ये जावा पाडतो. (एमआयडीसीचा जन्म १ ऑगस्ट १९६२ ला याच वागळे इस्टेटमधला, हे जेवताना सांगितलं की लोक "हो का?" म्हणून पुढची पोळी मोडतात.) असो.

एका फ्लॉपीवर दोन फाइली होत्या. एक लिस्पची, एक सी मधून कम्पाइल केलेली. दोघी मिळून गिअरचे दात काढायच्या.

आपल्याला लिस्प माहीत ती एआयच्या पेपरातली. पण वर्कशॉपमध्ये ती आली ऑटोकॅडच्या पाठीवर बसून. १९८६ सालची ऑटोलिस्प, डेव्हिड बेट्झच्या एक्सलिस्पवरून बेतलेली. डॉसवर हीप आणि स्टॅक मिळून तिला जास्तीत जास्त ४५,००० बाइट्स! त्यात ती इंटरप्रिटेड. मोठं गणित दिलं की दम लागायचा.

१९९० मध्ये रिलीज ११ बरोबर एडीएस आलं. प्रोग्रॅम सी मध्ये लिहायचा, कम्पाइल करायचा, ऑटोलिस्पमधून 'एक्सलोड' करायचा. मग सी ची फंक्शनं लिस्पचीच असल्यासारखी वापरता येतात. आतली व्यवस्था मला फार आवडली. सी प्रोग्रॅम एका लूपमध्ये वाट बघत बसतो. लोड झाल्यावर आपलं एकेक फंक्शन नंबर देऊन नोंदवतो, पुढे बोलावणं येतं ते त्या नंबरानेच. आर्ग्युमेंट्स लिंक्ड लिस्टमधून येतात, प्रत्येकावर प्रकाराचा शिक्का: दशांश संख्या ५०००, छोटा पूर्णांक ५००३, स्ट्रिंग ५००५. आणि लिस्टमध्ये लिस्ट असेल तर? ५०१६ म्हणजे कंस उघडला, ५०१७ म्हणजे मिटला. लिस्पचे जगप्रसिद्ध कंस सी च्या दारात आले की नुसते आकडे :)

एक खाचही होती. ऑटोलिस्पचा पूर्णांक आत ३२ बिटी, पण ऑटोकॅडकडे जाताना १६ बिटीच. म्हणजे ३२,७६७ च्या पुढे वाट बंद. मायक्रॉनमध्ये मोजलं तर पुरते ३३ मिलिमीटरही नाहीत! मामा सगळी मापं दशांशातच द्यायचा.

पुढे रिलीज १३ मध्ये, १९९४ साली, एआरएक्स आलं आणि यथावकाश एडीएस गेलं. मी मामाची लिस्प फाइल आजच्या ऑटोकॅडमध्ये टाकली. ती उघडली, वाचताही आली, आणि सी च्या फंक्शनपाशी येऊन थांबली. दुसरी फाइल आता निव्वळ बाइट्स. ती लिहिणारा मुलगा तेव्हाच अमेरिकेला गेला, सोर्स कोणाकडेच नाही.

मग एका रविवारी बसून मी ते गणित लिस्पमध्येच लिहिलं. आजच्या मशीनवर पापणी लवायच्या आत दात उमटले. मामाला दाखवलं. त्याने चष्मा वर सरकवला, झूम करायला लावलं.

"वरचं बरोबर आहे रे. पण मुळाशी आमचा घेर वेगळा होता. हॉबप्रमाणे द्यायचो."

"किती द्यायचास?"

"ते त्या दुसऱ्या फाइलमध्ये होतं."