ब्रेक्झिटचं बिल पुण्यात कसं आलं?

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण सुरुवात एका धरणापासून करू या.

मंचरहून भीमाशंकरला जाताना घोडेगाव सोडलं की थोड्या वेळाने डिंभ्याचं पाणी दिसायला लागतं. घोड नदीवरचं हे धरण. आपण तिथे गाडी थांबवतो, फोटो काढतो आणि पुढे निघतो. या जलाशयाला नाव दिलंय ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’.

बाबू गेनू सैद याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेला ट्रक निघाला, तो अडवायला ते समोर आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. वय होतं २२. म्हणजे ‘बाहेरचा माल कुठल्या अटींवर येऊ द्यायचा’ या प्रश्नावर आपल्या तालुक्यातल्या एका पोराने जीव दिलाय. आणि त्या अटी ठरवणारं सरकार काही त्याने निवडून दिलेलं नव्हतं.

आता गंमत बघा. त्यानंतर ८६ वर्षांनी खुद्द ब्रिटनच्या लोकांनी जवळपास तीच तक्रार केली. ‘आमच्या व्यापाराचे नियम दुसरीकडे कुठेतरी ठरतात, आम्हाला कुणी विचारत नाही.’ त्यांच्याकडे मतपेटी होती, म्हणून त्यांनी मत दिलं आणि ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला. हेच ते ब्रेक्झिट. त्याचा हिशोब मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्या बनवणाऱ्या टाटा मोटर्सपर्यंत कसा पोचला, ही आजची गोष्ट.

आधी नाका समजून घेऊ

व्यापार गट हा शब्द जड वाटतो, म्हणून आपल्याकडचं उदाहरण घेऊ. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी राज्याच्या सीमेवर ट्रकांच्या रांगा असायच्या. चालक कागद घेऊन उभा, खिडकीतला माणूस शिक्का मारणार, मग गाडी पुढे. जीएसटीनंतर ते तपासणी नाके उठले. कर उरलाच, पण रस्त्यातलं थांबणं गेलं.

युरोपात हेच काम देशादेशांमध्ये झालं. ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला त्यांच्या सामायिक बाजारात शिरला. १९७५ मध्ये ‘राहायचं का?’ असं सार्वमत घेतलं, तेव्हा ६७ टक्के लोक ‘राहू या’ म्हणाले. १९९३ पासून एकच मोठी बाजारपेठ झाली. सदस्य देशांमध्ये आयात शुल्क नाही, सीमेवर मालाचे कस्टम्सचे कागद नाहीत आणि गाडीच्या सुरक्षेचे नियमही एकच.

याचा फायदा सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आला असेल, तर जपानी कंपन्यांच्या. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी त्यांना बोलावलं. म्हणणं साधं होतं: आमच्याकडे कारखाना टाका आणि पूर्ण युरोपात विका. निसानने १९८४ मध्ये करार केला आणि १९८६ मध्ये संडरलंडला गाड्या निघायला लागल्या. जहाजबांधणी आणि कोळसा खाणी बंद पडत चाललेलं ते शहर, तिथे पुन्हा कामाच्या पाळ्या सुरू झाल्या. मग होंडा स्विंडनला आली, टोयोटा डर्बीजवळ.

आणि जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, २.३ अब्ज डॉलरला. बऱ्याच जणांनी तेव्हा रतन टाटांना वेड्यात काढलं होतं. पुढे काही वर्षं हीच जेएलआर टाटा मोटर्सला सांभाळत होती. तिच्या बहुतेक गाड्या ब्रिटनच्या बाहेर विकल्या जातात. म्हणून तिला उघडी सीमा हवीच होती.

एका क्रँकशाफ्टचा प्रवास

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला हे डिपेंडन्सीच्या भाषेत पटकन कळतं. ॲप तुमचं असतं, पण आत शंभर लायब्रऱ्या दुसऱ्यांच्या असतात. एक काढली की बाकीचं कुठे कुठे तुटेल, ते लगेच दिसत नाही.

गाडीचंही तसंच. ब्रेक्झिटच्या वादात मिनी या गाडीच्या क्रँकशाफ्टचं उदाहरण खूप गाजलं. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, आपल्या मुंढव्याच्या भारत फोर्जची ज्यासाठी ओळख आहे तो. मिनीचा हा भाग फ्रान्समध्ये ओतला जायचा, इंग्लंडमध्ये घासूनपुसून तयार व्हायचा, जर्मनीत इंजिनात बसायचा आणि ते इंजिन परत ऑक्सफर्डला गाडीत बसायला यायचं. म्हणजे गाडी तयार होईपर्यंत हा एक भाग तीनदा समुद्र ओलांडायचा. ती गाडी युरोपात विकली गेली, की चौथ्यांदा.

त्यात कारखान्यांमध्ये सुट्ट्या भागांचा मोठा साठा नसतो. होंडाने सांगितलं होतं की युरोपातून स्विंडनला रोज साधारण ३५० ट्रक भाग घेऊन येतात. चाकणला कामाला असाल तर हे वेगळं सांगायला नको. सप्लायरची गाडी तळेगाव चौकात अडकली की लाइनवर काय होतं, ते तुम्ही बघितलंय. आता त्या चौकाच्या जागी आंतरराष्ट्रीय सीमा आहे, असं समजा.

मत पडलं, आणि पुढे?

२३ जून २०१६. ‘बाहेर पडा’ ला ५१.९ टक्के, ‘राहा’ ला ४८.१. आणि गाड्यांच्या गावांनी काय केलं? निसानच्या संडरलंडमध्ये ६१ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने. होंडाच्या स्विंडनमध्ये जवळपास ५५. लँड रोव्हरचा मुख्य कारखाना आहे त्या सॉलिहलमध्ये ५६.

इथे बरेच जण हसतात. ‘ज्या फांदीवर बसलेत तीच तोडली.’ मला हे हसणं पटत नाही. त्या लोकांना कारखाना दिसत नव्हता असं नाही. कारखान्याच्या बाहेरचं गाव खंगत चाललंय, निर्णय लंडन आणि ब्रुसेल्सला होतात आणि आपल्याला विचारतं कोण, हा राग होता. निर्णय दुसरीकडे होणं म्हणजे काय, हे आपल्या भागाला शिकवायला नको. डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं, तालुक्याला ज्याचं नाव तेच गाव. पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांकडे गेलं. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा राग आकडे दाखवून मिटला नाही.

पण राग खरा असला, तरी मतपत्रिकेवर शब्द एकच होता: बाहेर. बाहेर म्हणजे नेमकं कुठे? कस्टम्स एकत्र ठेवायचं की नाही? आयर्लंडच्या सीमेचं काय? यावर कुणी मत दिलंच नव्हतं. आणि याच प्रश्नाने ब्रिटनचं राजकारण पिंजून काढलं.

पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला. थेरेसा मे आल्या. २०१७ च्या निवडणुकीत त्यांचं बहुमत गेलं. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा करार संसदेत २३० मतांनी पडला, आधुनिक काळातला सरकारचा सगळ्यात मोठा पराभव. तो करार तीनदा फेटाळला गेला आणि त्या गेल्या. बोरिस जॉन्सन आले, ‘ब्रेक्झिट उरकून टाकू’ म्हणाले आणि १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ८० जागांचं बहुमत घेऊन बसले. मजूर पक्षाचे वर्षानुवर्षांचे कामगार मतदारसंघ हुजूर पक्षाकडे गेले. तारीख बघितलीत? १२ डिसेंबर. बाबू गेनूंच्या हौतात्म्याचा दिवस. निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

तोपर्यंत कारखान्यात

राजकारण्यांना मुदत पुढे ढकलता येते, कारखान्याला येत नाही. ब्रिटन २९ मार्च २०१९ ला बाहेर पडणार असं ठरलं होतं. सीमेवर गोंधळ होईल या भीतीने जेएलआरने एप्रिलमध्ये आठवडाभर कारखाने बंद ठेवायचं नियोजन केलं. बीएमडब्ल्यूने ऑक्सफर्डची उन्हाळ्यातली देखभालीची सुट्टी एप्रिलमध्ये आणली. आणि ऐन वेळी सरकारने तारीख पुढे ढकलली! पण सुट्ट्या, सप्लायर, देखभालीची माणसं, सगळं ठरलेलं होतं. कारखाने बंद राहिले, ब्रेक्झिट मात्र झालंच नाही.

म्हणजे आयात शुल्काचा एक पैसाही लागायच्या आधी नुसत्या अनिश्चिततेची किंमत मोजावी लागत होती. जेएलआरचे तेव्हाचे प्रमुख राल्फ स्पेथ यांनी २०१८ मध्येच इशारा दिला होता की वाईट करार झाला तर वर्षाला १.२ अब्ज पौंडांचा फटका बसेल. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने ४,५०० नोकऱ्या कमी करणार असल्याचं जाहीर केलं. आणि फेब्रुवारीत टाटा मोटर्सने तिमाहीचे आकडे दिले: सुमारे २७,००० कोटी रुपये तोटा. भारतीय कंपनीचा तोपर्यंतचा सगळ्यात मोठा तिमाही तोटा.

इथे थांबू या, कारण व्हॉट्सॲपवर हा पूर्ण तोटा ब्रेक्झिटच्या नावावर फिरतो. तसं नाहीये. चीनमधली विक्री पडली होती, युरोपात लोक डिझेलला घाबरायला लागले होते, आणि त्यात ब्रेक्झिट. शिवाय तोट्याचा मोठा भाग म्हणजे जेएलआरच्या मालमत्तेची पुस्तकी किंमत कमी करणं होतं, तेवढी रोकड गेली असं नाही. स्विंडनचा कारखाना होंडाने जुलै २०२१ मध्ये बंद केला, तेव्हाही कंपनी म्हणाली की कारण ब्रेक्झिट नाही. जपान आणि युरोपियन युनियनचा करार फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झाला होता. जपानमधूनच हळूहळू शुल्काशिवाय गाडी पाठवता येणार असेल, तर इंग्लंडमध्ये बनवायचं कारण कमी होतं.

तरी एक आकडा ऐका. ब्रिटनमध्ये २०१६ साली १७.२ लाख गाड्या बनल्या. २०२२ मध्ये पावणेआठ लाख, १९५६ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. यात कोविड आहे, चिपचा तुटवडा आहे. पण नवीन मॉडेल कुठे बनवायचं हे ज्या वर्षांत ठरत होतं, त्या वर्षांत ब्रिटनचे नियम काय असतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

कागद जिंकला

अखेर २४ डिसेंबर २०२० ला करार झाला. गाड्यांवर शुल्क शून्य, पण अट आली: गाडीच्या किमतीतला ठरावीक हिस्सा ब्रिटन किंवा युरोपातला असला पाहिजे. पेट्रोल-डिझेल गाडीसाठी साधारण ५५ टक्के. नाहीतर १० टक्के शुल्क. म्हणजे प्रत्येक भागाचा जन्मदाखला सांभाळा. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग असते बॅटरी. ती बाहेरून आणली तर हिशोब बिघडतो. या अटीची कडक मुदत नंतर २०२६ अखेरपर्यंत पुढे ढकलावी लागली. टाटांनी २०२३ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये ४ अब्ज पौंडांचा बॅटरी कारखाना जाहीर केला, त्यामागे हा हिशोबही आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेर पडल्यामुळे ब्रिटनला स्वतःचे करार करता आले. २०२५ मध्ये अमेरिकेने गाड्यांवर शुल्क वाढवलं, तेव्हा ब्रिटनने वर्षाला एक लाख गाड्यांसाठी १० टक्क्यांवर सौदा केला. युरोपियन युनियनला १५ टक्के मिळाले. आता टाटांची गंमत बघा: रेंज रोव्हर बनते सॉलिहलला, डिफेंडर बनते स्लोव्हाकियात. मालक एकच, पण अमेरिकेच्या बंदरावर शुल्क वेगवेगळं. त्याच वर्षी २४ जुलैला भारत आणि ब्रिटननेही करार केला. ब्रिटिश गाड्यांवरचं आपलं शंभर टक्क्यांच्या वरचं शुल्क ठरावीक कोट्यासाठी टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार.

आणि आपण?

भारतानेही एका गटाला नकार दिलाय. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण आरसेप करारातून बाहेर पडलो. आपण त्या गटात अजून शिरलो नव्हतो, दारातून मागे फिरलो. चीनचा स्वस्त माल आणि न्यूझीलंडची दूध पावडर, ही भीती मोठी होती. मंचर-घोडेगाव पट्ट्यात सकाळी डेअरीला दूध घालणाऱ्या घराला तो निर्णय बरा वाटला असेल. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्याने दुसरा हिशोब केला असेल: चीनची स्पर्धा टळली, पण आशियातली बाजारपेठही लांब राहिली. बऱ्याचदा ही दोन्ही माणसं एकाच घरात असतात. वडील डेअरीत, मुलगा कंपनीत.

म्हणून मला ‘गट चांगला की वाईट’ हा प्रश्न अर्धवट वाटतो. कुणाच्या मालावर किती शुल्क, कधीपासून, आणि ज्याचं काम जाईल त्याचं काय, हे मत मागायच्या आधी सांगितलं गेलं का, ते विचारायला हवं. बाबू गेनूंना विचारलंच नव्हतं. संडरलंडला विचारलं, पण अर्धाच प्रश्न. आपल्याला पुढच्या करारांच्या वेळी पूर्ण प्रश्न विचारला जावा, एवढी मागणी तर आपण करू शकतो.

तुमच्या घरात दूध आणि कंपनी असे दोन्ही हिशोब असतील, तर ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!