गोव्याहून ग्वाल्हेरच्या बिर्लानगरला : अंतर किती, वेळ किती?

गोवा ते ग्वाल्हेर हे सरळ रेषेतील हवाई अंतर मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सुमारे १,२६० किलोमीटर, तर दाबोळीहून सुमारे १,३०० किलोमीटर भरते. जेट विमानाचा ताशी ८०० किलोमीटर वेग आणि उड्डाण व अवतरणासाठी लागणारा जादा अर्धा तास धरल्यास हे अंतर दोन तासांचे ठरते. तथापि, केवळ या आकड्यावर विसंबून प्रवासाची आखणी करणे योग्य नव्हे. ग्वाल्हेरची विमानसेवा प्रामुख्याने दिल्ली, मुंबई, बंगळुरू अशा महानगरांशी जोडलेली असल्याने गोव्यातील प्रवाशाला बहुधा वाटेत विमान बदलावे लागते.

मुंबईमार्गे जाताना पहिला टप्पा सुमारे सव्वा तासाचा आणि दुसरा सुमारे दोन तासांचा असतो. मधला थांबा, विमानतळावर आधी पोहोचण्याचा अवधी आणि दोन्हीकडचा रस्ता मिळून घरापासून मुक्कामापर्यंत नऊ ते दहा तास धरावेत. दोन्ही विमाने एकाच आरक्षणात असणे हिताचे. पहिल्याच्या विलंबामुळे दुसरे चुकल्यास पुढील सोय विमान कंपनीला करावी लागते. तिकिटे स्वतंत्र असल्यास भुर्दंड प्रवाशालाच पडतो.

दिल्लीमार्गे जाणारा प्रवासी ग्वाल्हेर ओलांडून पुढे जातो आणि रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटर मागे येतो. गोवा ते दिल्ली हे उड्डाण अडीच तासांचे. तेथून वेगवान गाडीने ग्वाल्हेर गाठण्यास तीन ते साडेतीन तास लागतात. एकूण वेळ दहा ते बारा तासांवर जातो. मात्र या मार्गावर विमाने आणि गाड्या पुष्कळ असल्याने निवडीस वाव राहतो.

गाडी न बदलता जायचे असल्यास वास्को ते हजरत निजामुद्दीन धावणारी गोवा एक्स्प्रेस ग्वाल्हेरला थांबते. बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी अशा वाटेने सुमारे १,९०० किलोमीटरचे हे अंतर कापण्यास जवळपास दीड दिवस लागतो.

बिर्लानगर हा ग्वाल्हेरच्या उत्तर भागातील गिरणगाव. १९२१ मध्ये उभारलेल्या जियाजीराव कॉटन मिल्समुळे ही वसाहत वाढली. पुढे गिरणी बंद पडली, नाव मात्र राहिले. येथे स्वतंत्र रेल्वे स्थानक असून भिंड-इटावाकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. तरीही लांब पल्ल्याच्या प्रवाशाने ग्वाल्हेर स्थानकाचेच तिकीट काढून पुढचा जेमतेम तीन-चार किलोमीटरचा रस्ता रिक्षाने गाठावा. विमानतळ महाराजपुरा येथे असून त्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले.

बिर्लानगरला लागूनच असलेल्या हजीरा भागात तानसेनांची समाधी आहे. दर डिसेंबरमध्ये होणाऱ्या तानसेन समारोहासाठी गोव्यातील संगीतरसिकांनी या बाजूला जायचे ठरविल्यास एक गोष्ट ध्यानी ठेवावी : डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतातील दाट धुक्यामुळे विमाने आणि गाड्या दोन्ही रखडतात. अशा दिवसांत पहाटेऐवजी दुपारी ग्वाल्हेरला पोहोचणारे विमान निवडावे.

विमानांची वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी बदलतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी चालू हंगामाचे वेळापत्रक पाहावे. मुलाखत, परीक्षा किंवा विवाहमुहूर्त अशी ठरलेली वेळ गाठावयाची असेल, तर कोणत्याही मार्गाने एक दिवस आधी पोहोचणे श्रेयस्कर.