सर्वांची जमीन



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. इतिहासाचा तास ते पुष्कळदा वर्गाबाहेर घेत. एकदा त्यांनी आम्हांला घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढून आणावयास सांगितले. वाटेवरील प्रत्येक जागा कोणाची, तेही लिहावयाचे होते. आमचे घर तेव्हा दांडिया बाजारात होते. मी वाडे, दुकाने, देऊळ, दवाखाना सारे मालकांच्या नावांनिशी लिहिले. नदीकडच्या उताराची एक पडीक जागा मात्र मी कोरी सोडली. गुरुजींनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारले, "ही कोणाची?" मी म्हणालो, "कोणाचीच नाही." घरी वडिलांना विचारले, तर ते म्हणाले, "सरकारची." दुसऱ्या दिवशी मी ते उत्तर सांगितले. गुरुजी एवढेच म्हणाले, "अजून विचार कर." पुढे मी इतिहासाचाच अध्यापक झालो आणि त्याच व्यवसायातून निवृत्त झालो, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा, आणि काहीसे लाजिरवाण्या रीतीने सापडले. आजचे विवेचन त्या उत्तराविषयी आहे.

आपल्या शहरातील सार्वजनिक जागांचा इतिहास सांगू लागले, की प्रथम कमाठीबाग डोळ्यांसमोर उभी राहते. विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर पसरलेली सुमारे शंभर एकरांची ही बाग १८७९ साली तयार झाली. त्या वेळी सयाजीराव महाराज सोळा वर्षांचे होते आणि राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले ते डिसेंबर १८८१ मध्ये. त्यानंतरच्या तीन दशकांत आजव्याचा तलाव, न्यायमंदिराची इमारत, खंडेराव मार्केट, संग्रहालय, मध्यवर्ती ग्रंथालय अशी लोकोपयोगी कामे एकामागून एक उभी राहिली. बागांसाठी क्यूच्या वनस्पती-उद्यानात काम केलेले क्रुम्बीगल १८९३ ते १९०७ या काळात बडोद्यास होते. पुढे म्हैसूर संस्थानात त्यांनी मोठे नाव मिळविले.

या सर्व कामांचे एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. जमीन राज्याची, निर्णय दरबाराचा, खर्च खजिन्यातला. रयतेला कोणी विचारले नव्हते, आणि आपल्याला विचारावे असे रयतेलाही वाटले नव्हते. ते दान होते. दात्याची दृष्टी थोर असल्यामुळे ते उत्तम ठरले. तथापि ते दानच होते.

केवळ दानाने संस्था टिकत नाही, हे खुद्द महाराजांनी ओळखले होते. १९१० साली अमेरिकेहून आलेल्या विल्यम बॉर्डन यांच्या देखरेखीखाली बडोदे राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणले गेले, तेव्हा गावच्या ग्रंथालयासाठी एक नियम ठरला. गावकऱ्यांनी आपला वाटा जमविला, की पंचायतीने तेवढाच घालावा आणि सरकारनेही तेवढाच घालावा. तिसरा हिस्सा लोकांचा असल्याखेरीज ग्रंथालय लोकांचे होणार नाही, हा त्यामागचा विचार. जमिनीच्या बाबतीत मात्र हा नियम त्या काळी आला नाही.

याच सुमारास बडोद्यास एक विलक्षण मनुष्य आला. पॅट्रिक गेडिस हा मूळचा वनस्पतिशास्त्राचा स्कॉटिश प्राध्यापक. १९१४ साली तो आपले नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानास निघाला. पण ते सामान नेणारे जहाज 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविले. मित्रांनी नवे सामान जमवून धाडले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेस प्रदर्शन भरले. पुढे अनेक शहरांसाठी त्याने अहवाल लिहिले. बडोदे शहराच्या विकासाविषयीचा त्याचा अहवाल १९१६ सालचा आहे. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्या विभागाची धुरा १९२४ साली आपल्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली.

गेडिसचे सांगणे थोडक्यात असे. वैद्याने नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये, तसे नगररचनाकाराने शहर पायी हिंडल्यावाचून नकाशावर रेघ ओढू नये. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी घरे पाडणे त्याला अडाणीपणाचे वाटे. अगदी पडायला झालेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी चौक मोकळा करावा, एखादे झाड लावावे. अशा जपून केलेल्या शस्त्रक्रियेचा तो पुरस्कर्ता होता. हिवतापाच्या भयाने तळी बुजविण्याची टूम तेव्हा निघाली होती. तळी बुजवू नका, स्वच्छ राखा, त्यांत मासे व बदके सोडा, असे तो अनेक गावी सांगत असे.

इंदूरची हकिकत तर प्रत्येक नगरसेवकाने वाचावी अशी आहे. १९१७ साली होळकरांच्या त्या राजधानीत प्लेगची दहशत होती. गेडिसने दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की यंदा मिरवणूक ठरलेल्या मार्गाने न जाता ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ व नीटनेटक्या होतील त्यांतून जाईल. शहरात झाडलोटीची आणि रंगरंगोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, घाणीचा राक्षस होता. आणि त्यांच्यामागून स्वच्छ पोशाख केलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शहराचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी तो लोकांच्या हातून घडला पाहिजे, हे त्याने एका दिवसात दाखवून दिले.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दानाचे युग संपले. त्यानंतर सार्वजनिक जमीन कोठून यावयाची? त्याचे उत्तर नगररचना योजनेत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'टी. पी. स्कीम'मध्ये आहे. या पद्धतीचे मूळ मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्यात. पुढे १९५४ चा कायदा झाला आणि गुजरातेत त्याची जागा १९७६ च्या नगररचना व नागरी विकास अधिनियमाने घेतली. शहराभोवतीची वेडीवाकडी शेते एकत्र मांडावयाची, प्रत्येकाच्या क्षेत्रातून काही भाग कापून घ्यावयाचा आणि उरलेला सरळ आखलेला भूखंड मालकाला परत द्यावयाचा. कापलेल्या भागांतून रस्ते, उद्याने, क्रीडांगणे, शाळा यांच्या जागा निघतात. आजच्या कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्के, उद्याने व मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी ५ टक्के अशी प्रमाणे घातलेली आहेत.

मित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. टी. पी. स्कीममधील उद्यानाचा तुकडा कोणा राजाने दिलेला नाही. शेजारपाजारच्या शंभर कुटुंबांनी आपल्या जमिनीतून ओंजळ-ओंजळ काढून तो भरला आहे. कमाठीबाग आपल्याला मिळालेली भेट आहे. पण हा तुकडा आपण वर्गणीने विकत घेतलेली वस्तू आहे. आणि नवल असे, की भेटीचा आपल्याला अभिमान आहे, वर्गणीची आठवणही नाही.

कायद्याने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली, जी सयाजीरावांच्या रयतेपाशी नव्हती. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर दोन महिने, आणि नगररचना योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर एक महिना, हरकत नोंदविता येते. गुजरातीत ज्याला 'वांधा अर्ज' म्हणतात, तो हाच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या तटाच्या आतील मोडलेली वस्ती याच योजनेच्या पद्धतीने, रहिवाशांशी सल्लामसलत करून, पुन्हा आखली गेली. अर्थात हे हत्यार बोथट नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. १९८० नंतरच्या दशकात आम्ही शहराबाहेर एक लहान भूखंड घेतला. त्या भागाच्या योजनेची सूचना वर्तमानपत्रात आली. मी नकाशा पाहावयास गेलो. आमच्या भूखंडाची एक पट्टी रस्त्यात जात होती. मी तीन पाने हरकत लिहिली, तारखेला हजर राहिलो, आणि माझे म्हणणे काही अंशी मान्यही झाले. त्याच नकाशावर आमच्यामागे एक तळे दाखविले होते. त्याचे पुढे काय होणार, हे मी विचारले नाही. ते माझे नव्हते. पुढच्या काही वर्षांत ते भरत गेले. कोणी एकाने भरले नाही. ज्याने-त्याने आपल्या बांधकामाचा राडारोडा तेथे लोटला. त्यांत दोन ट्रॅक्टर आमच्या घराचे होते. इतिहासाच्या अध्यापकाने पैसे मोजून ते पाठविले होते.

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यावर चोवीस तासांत सुमारे २० इंच पाऊस कोसळला. त्या रात्री पाणी प्रथम साचले ते बुजलेल्या तळ्याच्या जागी, आणि तेथून आमच्या ओसरीवर चढले. गुरुजींच्या हस्ताक्षरातील काही टिपणे माझ्याकडे होती, तीही भिजली. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर अर्धे शहर कित्येक दिवस पाण्यात होते. विश्वामित्रीच्या काठच्या घळी, ज्यांना आपण गुजरातीप्रमाणे कोतरे म्हणतो, पुराचे पाणी पोटात घेतात. माझ्या नकाशातील ती कोरी जागा असेच एक कोतर होते.

या नदीसाठी काही नागरिकांनी २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २५ मे २०२१ च्या निकालात नदीचे पूरक्षेत्र आखावे, अतिक्रमणे हटवावीत, नदीचे नैसर्गिक रूप राखावे असे आदेश मिळाले. त्या अर्जदारांना स्वतःच्या भूखंडासाठी काही मागावयाचे नव्हते. माझ्या तीन पानांत आणि त्यांच्या अर्जात हाच भेद आहे.

सार्वजनिक जागेवरील लक्ष उडाल्याची किंमत नेहमी पाण्याने भिजलेल्या कागदांएवढी स्वस्त नसते. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तळ्यात सहलीला गेलेल्या मुलांची नाव उलटली; बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. तळे सार्वजनिक, चालविणे ठेक्याने. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम. पण ते तळे कोणत्या अटींवर दिले जात आहे, हे आपण बडोदेकरांनी वेळीच विचारले होते काय? शाळेच्या सभागृहात उभे राहून हा प्रश्न टाळणे मला शक्य नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक साधे मागणे आहे. शाळेने आपल्या परिसराचा मंजूर नकाशा दर्शनी भिंतीवर लावावा. दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन दोन माजी विद्यार्थ्यांनी त्या नकाशातील प्रत्येक सार्वजनिक भूखंडावर पायी जावे. तेथे आज काय आहे, ते मुलांनी लिहावे. जेथे नकाशा आणि जमीन यांचा मेळ बसणार नाही, तेथे अर्ज लिहून तो खंडेराव मार्केटमध्ये महापालिकेकडे द्यावा. अर्ज मोठ्यांच्या सहीचा असेल, पण निरीक्षण मुलांचे असू द्यावे. वर्षातून एक रविवार, एवढाच हा खर्च आहे.

आमच्या वेळी गुरुजींनी ती कोरी जागा भरून दिली नाही. त्यांनी सांगितले असते, तर मी परीक्षेत लिहून विसरलो असतो. आज मी माझे उत्तर त्यांच्या चरणी ठेवतो. गुरुजी, ती जागा सर्वांची होती. त्या सर्वांत मीही होतो, आणि मी माझा वाटा राखला नाही.