कांचेची हाडाशीं सोयरीक

१७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें कावसजी नांवाच्या एका मराठी गाडीवानाची हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकीत गेलेला हा मनुष्य टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला, आणि नाक व एक हात गमावून परत आला. सुमारें वर्षभर त्यानें तसेंच काढलें. पुढें पुण्याजवळच्या एका कुंभारानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. हा प्रसंग आपल्याकडे अभिमानानें सांगितला जातो, व सांगितला जावा हेंच योग्य. पण त्यांतील मर्म मात्र अभिमानाच्या भरांत निसटून जातें. कुंभारानें ती कातडी प्रथम पुरती तोडलीच नव्हती. भुंवयांच्या मधल्या एका अरुंद पट्टीनें ती कपाळाशीं जोडलेली ठेवून, सुमारें पंचवीस दिवस त्या वाटेनें रक्त येऊं दिलें. नाक जीव धरतांच ती पट्टी कापून टाकली. शरीर आपल्याच वस्तूस आपली म्हणतें, तीहि नातें अखंड राहिलें तरच, ही खूण त्या कारागिरास पटलेली होती.

परंतु जेथें आपलें म्हणून पुरेसें उरतच नाहीं, तेथें काय करावें? गोळीनें हाडाचा तुकडाच उडाला तर त्या जागीं परकी वस्तु बसविण्यावांचून गत्यंतर नसतें. अशा वस्तूभोंवतीं शरीर चिवट तंतूंचें एक वेष्टण विणतें आणि तिला वेगळी पाडतें. न बोलावलेल्या पाहुण्यास ओसरीवरच बसवून ठेवावें, घरांत घेऊं नये, तसा हा प्रकार. म्हणून शरीराला जिचा कमींत कमी उपद्रव होईल, जी कांहींच करणार नाहीं, तीच वस्तु उत्तम, असें शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत आले.

ही समजूत हलली ती एका बसच्या प्रवासांत. १९६७ सालीं फ्लॉरिडा विद्यापीठांतील लॅरी हेंच हे कांच व मृत्पदार्थ यांचे तरुण अभ्यासक एका लष्करी परिषदेस चालले होते. शेजारीं व्हिएतनामहून नुकताच परतलेला एक कर्नल बसला होता. तीव्र किरणांच्या माऱ्यांत टिकाव धरणाऱ्या द्रव्यांविषयीं हेंच बोलूं लागले, तेव्हां कर्नलनें विचारलें, मग मनुष्याच्या शरीरांत टिकाव धरील असें कांहीं तुम्हांला करतां येईल काय? जखमी शिपायांचे प्राण वांचत होते, पण हातपाय कापावे लागत होते. ही हकीकत हेंच यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवली आहे.

हेंच यांची युक्ति साधी होती. हाडाचा खनिज भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा. तेव्हां तींच द्रव्यें बाहेरून आलेल्या वस्तूंत असावीं. १९६९ सालीं त्यांनीं एक कांच ओतली: वजनानें ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. खिडकीच्या कांचेंत सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. येथें ती मुद्दाम कमी ठेवली होती. टेड ग्रीनली या अस्थिशल्यज्ञानें या कांचेचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडांत बसविले. सहा आठवड्यांनंतर तो ते काढावयास गेला, तों ते निघेनात. ढकलून पाहिलें, ठोकून पाहिलें. हाडानें त्यांस घट्ट धरलें होतें.

याचें कारण आम्हांस तर मोठें विस्मयकारक वाटतें. आम्ही महाविद्यालयांत होतों तेव्हां कांच म्हणजे निर्विकारपणाचा नमुना, तेजाबहि तींत निर्धास्त ठेवावा, असें आम्हांस शिकविण्यांत आलें. ही कांच त्याच्या अगदीं उलट. शरीरांतील द्रवाचा स्पर्श होतांच तिच्यांतील सोडियम बाहेर पडतें, पृष्ठभागावर सिलिकेचा एक मऊ थर धरतो, त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट सांचून हाडांतल्यासारखें खनिज तयार होतें, आणि हाडाचे तंतु त्यांत गुंतत जातात. ती झिजते, म्हणूनच ती स्वीकारली जाते.

या कथेंत आणखी एक व्यक्ति येते. फुप्फुसांच्या विकाराचा अभ्यास करणाऱ्या डॉ. ज्युलिया पोलक यांस तोच विकार जडला, आणि १९९५ सालीं परक्याचें हृदय व फुप्फुसें बसवून त्यांचे प्राण वांचविण्यांत आले. त्यानंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत त्या हेंच यांच्या सहकारी झाल्या. या कांचेंतून झिरपणारे क्षार हाडाच्या पेशींतील जनुकांस जागें करतात, असें त्यांच्या मंडळींनीं २००१ सालीं दाखवून दिलें. अमेरिकेंतील रोला येथें तर सिलिकेच्या जागीं बोरॉन घालून कापसासारखे तंतु काढण्यांत आले. ते न भरणाऱ्या जखमांत ठेवतात.

पण इतिहास लिहितांना केवळ विजय मोजून चालत नाहीं. कर्नलनें मागितले होते ते शिपायांचे पाय. ही कांच ठिसूळ. देहाचा भार एकटीनें पेलणें तिला साधलें नाहीं. १९८५ सालीं अमेरिकेंत तिला मान्यता मिळाली ती कानांतील चिमुकल्या हाडांच्या जागीं; पुढें जबड्यांतील पोकळ्या भरण्यास व दंतमंजनांत ती उपयोगीं पडली. रणांगणावर उपजलेल्या प्रश्नाचें उत्तर घरांतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांस मिळालें. त्यांत कमीपणा नाहीं. पण तो प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाहीं, याचेंहि विस्मरण होऊं नये.

कावसजीच्या नाकाची गोष्ट मुलांस सांगतांना आपण उत्तर सांगतों व थांबतों. तें नाक जगलें कशानें, हें त्यांनीं विचारावें, इतकी जागा त्या गोष्टींत ठेवली, तर त्या अनामिक कुंभाराचा खरा मान राखल्यासारखें होईल.