समोरच्याच्या हातात काय?

पत्ते खेळणाऱ्यांत दोन जाती असतात. स्वतःचे पत्ते बघणारे, आणि समोरच्याचं तोंड बघणारे. पहिल्या जातीचे पैसे रात्री बारापर्यंत दुसऱ्या जातीकडे जातात, असा आमच्या कोजागिरीचा अनुभव. मी तिसऱ्या जातीचा, म्हणजे दूध ढवळणारा. त्यामुळे दोघांनाही न्याहाळायला भरपूर सवड मिळते.

समोरच्याच्या हातात काय असेल, हे तोंड न बघता कागदावर मांडायला निघालेल्यांत एक जुना गृहस्थ म्हणजे इटलीचा जेरोलामो कार्दानो. जन्म १५०१. धंद्याने डॉक्टर, बुद्धीने गणिती आणि सवयीने जुगारी. त्याने नशिबाच्या खेळांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात पोकरच्या घराण्यातल्या 'प्रिमेरो' या पत्त्यांच्या खेळाचाही हिशेब घेतला. पुस्तक छापलं गेलं १६६३ साली, म्हणजे तो वारल्यावर सत्त्याऐंशी वर्षांनी! हयात जुगाऱ्याने आपली विद्या बाजारात आणू नये, हे बरोबरच आहे म्हणा. हाच कार्दानो आत्मचरित्रात सांगतो, की व्हेनिसमध्ये पत्त्यांवर खुणा केलेल्या आढळल्या, तेव्हा त्याने यजमानाच्या तोंडावर खंजीर चालवला. पत्ते प्रामाणिक नसतील तर गणित कुचकामी, हे त्याने असं प्रात्यक्षिकासह दाखवलं.

पुढे १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच पंडितांनी, अर्धवट मोडलेल्या डावातले पैसे कसे वाटावेत यावर पत्रापत्री केली आणि संभाव्यतेचं शास्त्र रांगायला लागलं. त्याचा आपल्या तीनपत्तीला उपयोग काय? बघा. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी जोडी किंवा त्याहून भारी असे ५,६६०. म्हणजे ढोबळ चारात एक. समोर एकटाच भिडू असेल, तर त्याच्याकडे जोडी नसण्याची शक्यता चारात तीन; छाती काढून बसायला हरकत नाही. पण समोर पाच जण असले, की पाचांपैकी कुणाकडेच जोडी नसण्याची शक्यता चारात एकाहूनही कमी! भिडू तेच, चेहरे तेच, फक्त बेरीज बदलली.

आपल्याकडे सिक्वेन्स कलरला मारतो आणि पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला, यावरून आमच्याकडे एकदा दोन मेहुण्यांत अबोला झाला होता. दोघंही बरोबर होते हो! दोन्हींचा संगम असलेले पत्ते बाजूला ठेवले, तर तीन पत्त्यांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जे दुर्मीळ, ते भारी.

पण समोरचा थाप मारत असेल तर? इथे कार्दानोचं गणित थकतं. हा प्रश्न हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन यांनी धसाला लावला. १९२८ साली त्यांनी अशा खेळांवर निबंध लिहिला आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर जाडजूड ग्रंथ, त्यात पोकर आणि पोकरमधली थाप. निष्कर्ष असा, की थाप हा दुर्गुण नसून हिशेबाचा भाग आहे. चांगले पत्ते आले तरच चाल करणारा माणूस ओळखू येतो. मग त्याची चाल आली की सगळे पॅक, आणि बिचाऱ्याचे खरे पत्तेही फुकट जातात.

मात्र थाप मारायची ती अगदी भिकार पत्त्यांवर. मधल्या पत्त्यांवर मोठी चाल केली, तर हलके पत्तेवाले पळतात आणि छातीवर बसायला भारी पत्तेवालेच तेवढे उरतात.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. राजे थाप मारतात, रस्त्यावरचे फकीर थाप मारतात, दोघांचंही निभतं. आपण मध्यमवर्गीय तेवढे पकडले जातो, ते काही सचोटीमुळे नव्हे. जन्मभर आपल्या हातात पत्तेच मधले येतात!