निरगाठ, सुरगाठ आणि अलिबागची वेधशाळा

अलिबागला मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. टोपोलॉजीचा, म्हणजे ताणल्या-वाकवल्यानं न बदलणाऱ्या आकारगुणांच्या गणिताचा, पहिला तास मात्र वर्गात कधीच घेतला नाही. मुलांना थेट वेधशाळेच्या फाटकाशी नेत असे.

मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय यंत्रं बिघडणार हे उघड होतं. तिथं १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडचं अलिबाग निवडलं. इमारतीत लोखंड वापरलं नाही. १९०४मध्ये इथली नोंद सुरू झाली, आणि १९०६पर्यंत ती दोन्हीकडे चालू ठेवली. केवढी ही निष्ठा! साठ-पासष्ट वर्षांची मालिका तुटू नये, एवढ्यासाठी.

मुलं विचारत, ‘सर, यात टोपोलॉजी कुठं आली?’ चुंबकत्वाच्या नोंदी जगभर एकाच वेळी घ्याव्यात, ही मोहीम गोटिंगेनच्या गाउसची. कुलाब्याचं काम त्याच लाटेतलं. त्याच गाउसनं जानेवारी १८३३मध्ये वहीत एक सूत्र टिपलं: दोन बंद वेटोळी एकमेकांत किती वेळा अडकली आहेत, हे मोजणारं. गाठींचं गणित ही टोपोलॉजीचीच शाखा, आणि हे सूत्र तिच्या पहिल्या काही पावलांपैकी एक.

मग आम्ही वरसोलीच्या किनाऱ्यावर जात असू. जाळी तुणत बसलेल्या कोळीदादांकडून दोरीचा तुकडा मागायचा. वेढा घालून टोक आत ओवलं की साधी निरगाठ. दोरीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडा, ती आता जन्मात सुटणार नाही. सुरगाठीचीही टोकं जोडा. फासा मागं ओढलात की मोकळी! आपल्या भाषेनं हा भेद शब्दांतच बांधून ठेवलाय, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

दोरीवरून समीकरणाकडे नेलं ते मुंबईच्या अनंत शास्त्रींनी. आयआयटी मुंबईत त्यांनी वर्षानुवर्षं टोपोलॉजी शिकवली. सपाट प्रतलातल्या बहुपदी रेषा सरळ करता येतात, हे श्रीराम अभ्यंकर आणि मोह यांनी १९७५मध्ये सिद्ध केलं होतं. तीन मितींत काय, हा अभ्यंकरांचा प्रश्न होता. १९९२च्या शोधनिबंधात शास्त्रींनी दाखवलं, की कोणतीही गाठ तीन बहुपदींनी लिहिता येते; दोरीवरच्या बिंदूचं आडवं, उभं आणि उंचीचं स्थान त्या तीन बहुपदी सांगतात. आपली निरगाठ अशी: क्ष³ − ३क्ष, क्ष⁴ − ४क्ष², क्ष⁵ − १०क्ष. इथं टोकं जोडायची नाहीत, ती अनंताकडे जातात.

क्षच्या जागी √३ ठेवा, मग −√३. पहिल्या दोन किमती दोन्ही वेळा ० आणि −३. तिसरी मात्र एकदा −√३, एकदा √३. म्हणजे दोरी त्या जागी स्वतःच्याच वरून गेली. असे छेद एकूण तीन, आणि दोरी आळीपाळीनं खालून-वरून जाते. वाळूत बोटानं हा हिशेब करून मुलं दोरीकडे पाहत, तेव्हाचे त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

अलिबागला वेधशाळा पाहायला याल, तेव्हा हातभर दोरी आणि एक पेन्सिल बरोबर ठेवा. उरलेले दोन छेद तुम्ही शोधा.